उबेचा जमाखर्च

महाराष्ट्रात जन्मून वाढलेल्या माणसाच्या संसाराच्या खतावणीत किराणा, दूधदुभते, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, लग्नकार्य अशी नाना खाती असतात. परंतु घरातली हवा ऊबदार राखण्याचे असे निराळे खाते त्याला उघडावे लागत नाही. निफाडकडे थंडीचा कडाका पडला किंवा महाबळेश्वरी वेण्णा तलावाच्या काठी दव गोठले, तरी शेगडी, शाल आणि गोधडी यांवर त्या रात्री निभावून जातात आणि माघ सरता सरता थंडीची आठवणही उरत नाही. याच घरातली मुलगी किंवा मुलगा नोकरीनिमित्त इंग्लंडात जातो, स्लाव, हॅरो किंवा मिल्टन कीन्ससारख्या गावी दीर्घ मुदतीच्या कर्जावर घर घेतो, आणि पहिल्याच हिवाळ्यात त्याच्या ध्यानात येते की ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत अव्याहत चालणारा हा इंधनाचा खर्च संसारातली एक ठळक रक्कम आहे. पुढे घराबरोबर मिळालेला बॉयलर म्हातारा होतो, दुरुस्ती करणारा कारागीर मान हलवू लागतो, आणि आजवर ज्या प्रश्नाचा विचारच केला नव्हता तो प्रश्न दारात येऊन उभा राहतो: पुन्हा गॅसचाच बॉयलर बसवावा, की ज्याची शिफारस सरकार आवर्जून करीत आहे तो हीट पंप घ्यावा, आणि कशात घातलेला पैसा कशाच्या रूपाने परत येईल?

हा प्रश्न ब्रिटनपुरता तरी फार जुना नाही. तेथील घरे शतकानुशतके कोळशाच्या अंगीठीवर ऊब घेत आली. ५ ते ९ डिसेंबर १९५२ या पाच दिवसांत लंडनवर धुराचे आणि धुक्याचे जे काळे छत्र पसरले, त्याने तत्कालीन सरकारी अदमासाप्रमाणे चार हजार, आणि नंतरच्या अभ्यासकांच्या मते सुमारे बारा हजार माणसांचा बळी घेतला. त्यातून १९५६ चा स्वच्छ हवेचा कायदा जन्मास आला आणि घरगुती कोळशाचे दिवस मोजले जाऊ लागले. १९६५ मध्ये उत्तर समुद्राच्या तळाशी नैसर्गिक वायू सापडला. तोवर कोळशापासून केलेल्या वायूवर चालणारी सव्वा कोटीहून अधिक ग्राहकांची उपकरणे १९६७ ते १९७७ या दहा वर्षांत, घरोघर माणसे पाठवून, नव्या वायूला जुळती करून देण्यात आली. शांततेच्या काळात एखाद्या देशाने आपल्या घरांच्या अंतर्भागात एवढ्या व्यापक प्रमाणावर केलेला दुसरा फेरबदल मला आठवत नाही. १९७० च्या सुमारास तीन घरांपैकी जेमतेम एका घरात मध्यवर्ती तापनाची व्यवस्था होती. आज ती जवळपास प्रत्येक घरात आहे, आणि पाचांपैकी चार घरांत तिचे इंधन गॅस आहे. वायू स्वस्त होता तोवर भिंतीतून, छपरातून, खिडकीच्या फटीतून किती ऊब बाहेर जाते याची मोजदाद करण्याची निकड कोणालाच भासली नाही, आणि बांधकामाच्या त्या निष्काळजीपणाची किंमत आजची पिढी हप्त्याहप्त्याने फेडीत आहे.

सामान्य गृहस्थ या प्रश्नाकडे दुकानात भाव विचारावा तसा पाहतो. गॅसचा नवा बॉयलर बसवून सुमारे तीन हजार पौंडांना पडतो. हवेतून उष्णता घेणारा हीट पंप, त्याच्या पाण्याच्या टाकीसह आणि काही रेडिएटर बदलून, बारा-तेरा हजारांच्या घरात जातो. ऑक्टोबर २०२३ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यास साडेसात हजार पौंडांचे सरकारी अनुदान मिळते. या तीन आकड्यांची वजाबाकी केली की विचार संपला असे समजणारे बहुसंख्य असतात. माझ्या मते यंत्राची किंमत हा या सगळ्या हिशेबातला सर्वांत कमी महत्त्वाचा आकडा आहे. घराला मुळात किती उष्णता लागते, ती उष्णता ज्या इंधनांतून घेता येते त्यांचे परस्परांशी भाव काय आहेत, आणि गुंतवलेल्या पैशाचे मोल गुंतवणाऱ्याच्या परिस्थितीत किती धरावे, या तीन गोष्टींवर निकाल ठरतो. यंत्र त्यांच्या मागून येते.

पहिल्या गोष्टीपाशी जरा थांबणे अवश्य आहे, कारण तेथेच सर्वांत मोठी किफायत दडलेली असते. पन्नास चौरस मीटर माळ्याचे एक घर घ्या. आत अठरा अंश आणि बाहेर दोन अंश तापमान आहे. माळ्यावर उष्णतारोधक थर मुळीच नसेल तर स्थापत्यशास्त्राच्या रूढ गुणकांप्रमाणे त्या एका छतातून क्षणोक्षणी सुमारे १,८४० वॅट उष्णता निसटत राहते, म्हणजे विजेची एक मोठी शेगडी अहोरात्र आकाशासाठी पेटवून ठेवल्याप्रमाणे होते. त्याच माळ्यावर खनिज लोकरीचा २७० मिलिमीटर जाडीचा थर अंथरला, तर ही गळती सव्वाशे वॅटच्या आसपास येते. हा थर घालण्यास काही शेकडो पौंड पुरतात, त्याला ना वीज लागते ना वार्षिक तपासणी, आणि तो बॉयलरच्या दोन-तीन पिढ्या सहज पाहतो. १९२० नंतरच्या बहुतेक इंग्रजी घरांच्या भिंती दुहेरी असून मध्ये पोकळी असते. ती पोकळी भरून घेणे हेही असेच अल्प खर्चाचे काम आहे, मात्र भिंतीवर पावसाचा थेट मारा होत असेल किंवा विटांची दरज खिळखिळी झाली असेल तर भरलेल्या पोकळीतून ओल आत येते, म्हणून जाणत्या माणसाकडून भिंत तपासून घेतल्यावाचून ते काम करू नये.

त्याहून जुन्या, भरीव विटांच्या घरांचा प्रकार निराळा आहे. अशा भिंतीला आतून किंवा बाहेरून रोधक आवरण चढवायचे तर खर्च हजारांच्या पटीत जातो आणि इंधनातली वार्षिक बचत शेकड्यांतच राहते. मुद्दल वसूल होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागू शकतात. ‘आधी घर पुरते बंदिस्त करा, मगच यंत्राकडे वळा’ असा जो सरसकट उपदेश ऐकू येतो, तो म्हणूनच मला अर्धाच मान्य आहे. माळा, पोकळी, दारेखिडक्यांच्या फटी आणि उघडी चिमणी ही कामे निःसंशय आधी करावीत. भरीव भिंतीचे काम मात्र गिलावा काढण्याचा किंवा घराच्या मोठ्या दुरुस्तीचा प्रसंग येईल तोवर खुशाल थांबू शकते.

आता यंत्राकडे वळू. गॅसचा बॉयलर इंधन जाळून उष्णता निर्माण करतो. तो कितीही उत्तम असला तरी एक युनिट इंधनातून एका युनिटहून अधिक ऊब देऊ शकत नाही, आणि प्रत्यक्षात पंचाऐंशी टक्क्यांच्या आसपास देतो. हीट पंप उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या थंड हवेत असलेली उष्णता तो उचलून आत आणतो. विहिरीवरची मोट ओढणारा बैल पाणी उत्पन्न करीत नाही, ते फक्त वर आणतो, आणि विहीर जितकी खोल तितकी त्याला ओढ अधिक बसते. हीट पंपाचीही गत तीच आहे. बाहेरच्या हवेचे तापमान आणि रेडिएटरात खेळवायच्या पाण्याचे तापमान यांतले अंतर ही त्याच्या विहिरीची खोली. पाणी पन्नास अंशांऐवजी पस्तीस-चाळीस अंशांवर भागत असेल तर एका युनिट विजेत चार युनिट ऊब मिळू शकते. साठ-पासष्ट अंशांचे पाणी लागत असेल तर अडीचही कष्टाने मिळते. मोठे रेडिएटर का बसवावे लागतात आणि गळक्या घरात हीट पंप का निराश करतो, याचे उत्तर त्यातच आहे.

हीट पंपाची ही कल्पना कालची नव्हे. ग्लासगो विद्यापीठातल्या विल्यम टॉम्सन यांनी, म्हणजे पुढे लॉर्ड केल्विन म्हणून विख्यात झालेल्या शास्त्रज्ञांनी, १८५२ मध्येच तिची मांडणी केली होती. नॉरिच शहराच्या वीजखात्याचे अभियंता जॉन सम्नर यांनी १९४५ मध्ये वेन्सम नदीच्या पाण्यातून उष्णता उचलून खात्याच्या इमारतीस ऊब दिली, आणि १९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्स नदीच्या पाण्यावर चालणारी अशीच योजना उभी राहिली. विज्ञान सिद्ध होते, कारागिरी सिद्ध होती. तरीही स्वस्त कोळसा आणि पाठोपाठ आलेला स्वस्त वायू यांच्यापुढे तिचा निभाव लागला नाही. विद्या वाचून माणसे गुंतवणूक करीत नाहीत, भाव पाहून करतात, हे त्या पराभवाने दाखवले. आणि आजही तेच घडत आहे.

तो भाव पाहू. ब्रिटनमधील ऊर्जेच्या दरांवर देखरेख ठेवणारी ऑफजेम ही संस्था मध्यम घराचा वार्षिक गॅसवापर २०२४-२५ मध्ये ११,५०० युनिट धरीत होती. त्याच सुमारास गॅसचे युनिट साधारण सहा पेन्सला आणि विजेचे पंचवीस पेन्सला पडत होते, म्हणजे वीज गॅसच्या चौपट महाग. त्या भावाने गॅसचा वर्षाचा खर्च ६९० पौंड झाला, आणि बॉयलरच्या पंचाऐंशी टक्के कार्यक्षमतेने घरात प्रत्यक्ष ऊब पोचली ती ९,७७५ युनिटांची. तेवढीच ऊब हीट पंपाने विजेच्या २.८ पटीने दिली (ब्रिटनमधील सरकारी चाचणीत प्रत्यक्ष घरांतले मोजमाप याच आकड्याच्या आसपास आले होते), तर वीज लागेल सुमारे ३,४९० युनिट आणि खर्च होईल ८७३ पौंड. साडेतीन पटीने दिली तर ६९८ पौंड. चार पटीने दिली तर ६११. गॅसची जोडणी कायमची तोडता आली, अर्थात स्वयंपाकही विजेवर नेला, तर वर्षाचा सुमारे ११० पौंडांचा स्थिर आकार वाचतो. म्हणजे सामान्य दराने साडेतीन पटीचा पंप वर्षाला शंभर पौंड राखतो, आणि वाईट बसवलेला पंप गृहस्थाला सत्तर-पंचाहत्तर पौंडांच्या तोट्यात घालतो. पंप तोच, घर तेच. फरक बसवणाऱ्याच्या हातातला आहे. पंपाच्या नाममुद्रेची चिकित्सा करण्यात आठवडे घालवणारे लोक बसवणाऱ्याला ‘प्रत्येक खोलीची उष्णताहानी स्वतंत्र मोजली का, आणि ऐन थंडीत पाणी किती अंशांवर खेळवणार?’ हा एक प्रश्न विचारीत नाहीत, याची मला खंत वाटते.

यापुढची पायरी पैशाच्या मोलाची. अनुदान वजा जाता पंपाचे साडेपाच हजार आणि बॉयलरचे तीन हजार, म्हणजे वास्तविक जादा गुंतवणूक अडीच हजारांची. जुना बॉयलर मोडकळीस आलेला असेल तरच ही वजाबाकी खरी ठरते. तो धडधाकट असताना काढून टाकला तर साडेपाच हजारांची संपूर्ण रक्कम हिशेबात धरली पाहिजे. पंधरा वर्षे दरवर्षी शंभर पौंड वाचले तर एकूण दीड हजार होतात, परंतु पंधराव्या वर्षीचे शंभर पौंड आजच्या शंभरांच्या बरोबरीचे नाहीत. पाच टक्के व्याजाने पाहिल्यास त्या सगळ्या प्रवाहाचे आजचे मोल १,०३८ पौंड भरते. क्रेडिट कार्डावर नव्हे पण साध्या वैयक्तिक कर्जावर आठ टक्के मोजणाऱ्यास ते ८५६ च आहे. म्हणून सामान्य दराने, साडेतीन पटीच्या पंपात, ही गुंतवणूक केवळ पैशाच्या कसोटीवर उतरत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तोच पंप रात्रीच्या व दुपारच्या सवलतीच्या विजेवर चालवून सरासरी अठरा पेन्सचा भाव साधला, तर वर्षाची बचत २९७ पौंडांवर जाते आणि पाच टक्क्यांनी तिचे आजचे मोल ३,०८३ भरते. जादा घातलेले अडीच हजार वसूल होऊन वर काही शिल्लक राहते. याशिवाय वाचलेल्या पौंडावर आयकर बसत नाही, बँकेच्या व्याजावर सवलतीच्या मर्यादेपलीकडे तो बसतो, हीही बाब परताव्याच्या तुलनेत विसरण्याजोगी नाही.

या आकड्यांवरून पंपाचा पक्ष दुबळा आहे असे ज्यांना वाटेल त्यांनी २०२१ आणि २०२२ ही दोन वर्षे आठवावीत. ऑक्टोबर २०२१ मध्ये चार पेन्सला मिळणारे गॅसचे युनिट वर्षभरात, युक्रेनवरील रशियाच्या आक्रमणानंतर, १४.८ पेन्सपर्यंत चढण्याच्या बेतात होते. सरकारने खजिना रिकामा करून ते १०.३ पेन्सवर रोखले. मध्यम घराचा ४६० पौंडांचा गॅस पावणेबाराशेंवर गेला, आणि पेन्शनवर जगणाऱ्या कित्येक वृद्धांनी एका खोलीपुरती ऊब ठेवून बाकीचे घर थंड सोडले. भावी भाव कोणालाच ठाऊक नसतात. म्हणून एकाच भावावर बेतलेला परतावा हा परतावा नव्हे, तो एक अंदाज आहे. हिशेब करताना गॅस चार पेन्सला, सहाला आणि दहाला असे तीन वेळा करून पाहावा. माळ्यावरचा थर तिन्ही वेळा किफायतशीर ठरतो, आणि भाव चढेल तसे त्याचे मोल आपोआप वाढते. विजेचा भाव चढा असण्यामागे गॅसवर चालणारी वीजकेंद्रेच बहुधा बाजारभाव ठरवतात हे एक कारण आहे, आणि सरकारी अधिभारांचा मोठा भाग आजवर गॅसऐवजी विजेच्या बिलावर टाकला गेला हे दुसरे. एका हाताने पंपाला अनुदान आणि दुसऱ्या हाताने त्याच्या इंधनावर अधिभार, ही तजवीज माझ्या बुद्धीला कधीच पटलेली नाही.

एक चाचणी मात्र कोणालाही फुकट करता येते. २००५ पासून इंग्लंडात बसणारे बॉयलर धुरातल्या बाष्पाची उष्णताही परत मिळवणारे असतात. परंतु रेडिएटरांतून परतणारे पाणी पंचावन्न अंशांहून थंड असेल तरच हे बाष्प निवते. प्रत्यक्षात बहुतेक घरांतले बॉयलर सत्तर-ऐंशी अंशांवर लावून ठेवलेले आढळतात, आणि ज्या गुणासाठी जास्त पैसे मोजले तो गुण वायाच जातो. ऐन जानेवारीत बॉयलरच्या पाण्याचे तापमान पंचावन्नवर आणून दोन-तीन दिवस पाहावे. गरम पाण्याची टाकी असल्यास तिचे तापमान मात्र साठाखाली नेऊ नये, कारण कोमट साठ्यात घातक जंतू वाढतात. घर ऊबदार राहिले तर गॅस काही टक्क्यांनी वाचलाच, शिवाय हे घर हीट पंपास योग्य आहे असाही निर्वाळा मिळाला. एखादी खोली गारठली तर तिचा रेडिएटर तोकडा आहे किंवा तिची भिंत गळकी आहे, हे खर्च करण्यापूर्वीच कळले.

या सगळ्या हिशेबात एक रक्कम अशी आहे की जी कोणत्याही रकान्यात बसत नाही, आणि माझ्या लेखी ती सर्वांत मोठी आहे. घराला थर घातल्यावर कित्येक कुटुंबांचे बिल अपेक्षेइतके उतरत नाही, कारण पूर्वी चौदा अंशांवर कुडकुडणारी माणसे आता अठरा अंशांवर राहू लागतात; अर्थशास्त्री याची नोंद हुकलेली बचत म्हणून करतात. मला ती नोंद अन्यायाची वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड प्रदेशातल्या घरांसाठी अठरा अंश ही किमान मर्यादा सांगितली आहे. त्याखाली भिंतींवर घरातली आर्द्रता निवते, ओल धरते, बुरशी चढते. रॉचडेल येथे २०२० साली दोन वर्षांचे एक बालक घरातल्या बुरशीच्या दीर्घकालीन संपर्काने श्वसनविकार होऊन दगावले, आणि मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये हेच कारण नमूद केले. चार अंश अधिक ऊब ही बचतीतून वजा करण्याची गोष्ट नसून घातलेल्या पैशाचा तो पहिला परतावा आहे.

हा परतावा ज्यांना सर्वांत अधिक हवा, त्यांच्या हाती गुंतवायला काही नसते, आणि सरकारी योजनांची खरी परीक्षा तेथे होते. जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटिश सरकारने मोठ्या आशेने एक योजना काढली: गृहस्थाने खिशातून काहीच घालू नये, उष्णतारोधक कामाचा खर्च घराच्या वीजबिलावर कर्जरूपाने चढावा, आणि हप्ता नेहमी अंदाजित बचतीहून कमी राहावा. तत्त्व निर्दोष होते. परंतु त्या कर्जाचा व्याजदर सात टक्क्यांच्या वर गेला, घर विकताना बिलाला चिकटलेले कर्ज नव्या ग्राहकाला नकोसे झाले, आणि जुलै २०१५ मध्ये पैसा थांबवला गेला तोवर जेमतेम चौदा हजार कुटुंबांनी तिचा लाभ घेतला होता. भाड्याच्या घरात तर कोंडी आणखी घट्ट असते: बॉयलर आणि थर यांचा खर्च मालकाचा, त्यातून होणारी बचत भाडेकरूची. २०२० पासून ऊर्जेच्या श्रेणीत ‘ई’हून खालचे घर इंग्लंड-वेल्समध्ये भाड्याने देण्यास, काही अपवाद वगळता, बंदी आहे; तिने अगदी वाईट घरे सुधारली, पण ‘ई’ आणि ‘डी’ श्रेणीतल्या लक्षावधी घरांत भाडेकरू अजूनही मालकाच्या भिंतीतून स्वतःचे पैसे बाहेर जाताना पाहत आहेत. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत आपली मुले बहुधा अशाच घरांत राहतात. त्यांनी करारावर सही करण्यापूर्वी घराचा ऊर्जेचा दाखला मागून घ्यावा, त्यातली श्रेणी आणि वार्षिक इंधनखर्चाचा अंदाज भाड्याच्या रकमेत मिळवावा, आणि त्या बेरजेवर दोन घरांची तुलना करावी. हा दाखला दाखवणे मालकावर कायद्याने बंधनकारक आहे.